गेजमध्ये न बसणाऱ्या पुंगळ्या

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. ड्रायर कधीचा बंद झालाय, कपडे आत तसेच आहेत, राहू देत. आत्ता नाही लिहिलं तर दुपारपर्यंत डोक्यातून जाईल आणि मग मी नेहमीसारखी फोनवर कुणालातरी अर्धवट सांगेन आणि त्याची मजा जाईल.

झालं काय, सकाळी किचनची खिडकी उघडली आणि मक्याच्या शेतापलीकडून तो आवाज आला. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग परत टप्प. वारा पश्चिमेकडून असला आणि मका वाळून कडक झाला की आमच्या ह्या अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये शनिवारी हा आवाज येतो. पलीकडे रायफल क्लब आहे, तिथे सीझनच्या शेवटच्या मॅचेस चालू झाल्यात. म्हणजे फॉल आला, पानगळीचा मोसम. आपल्या मराठी मंडळातल्या लोकांना फॉल म्हटलं की पानं बघायला ड्राइव्हला जायचं आठवतं, नाहीतर पम्पकिन. मला पितळ आठवतं. गरम पितळाचा वास, आणि काडतुसाच्या पुंगळ्यांना लावायच्या त्या मेणाचा वास. ते मेण मेंढीच्या लोकरीतून काढतात म्हणे, वास अगदी ओल्या घोंगडीचा. आणि त्या वासाच्या मागोमाग बाबा आठवतात, माझे सासरे.

शहाऐंशीचा फॉल, म्हणजे तीनचार वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी फेब्रुवारीत सासूबाई गेल्या आणि जूनमध्ये मिलिंदने बाबांना इकडे आणलं. मिलिंद म्हणजे माझा नवरा. त्याचं ठरलेलं होतं की बाबांनी आता परत जायचंच नाही. तो नुकताच सिटिझन झाला होता, म्हणजे बाबांचं ग्रीन कार्ड होण्यासारखं होतं. भुसावळच्या फ्लॅटमध्ये एकटे राहून करणार काय, हा त्याचा प्रश्न. बाबा त्यावर हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. ‘बघू’ म्हणायचे. रिटर्न तिकीट डिसेंबरचं होतं. तो आख्खा समर आणि फॉल आमच्या घरात ते ‘बघू’ टांगलेलं होतं, वरून टपकणाऱ्या नळासारखं. कुणी त्याविषयी बोलायचं नाही, पण सगळ्यांना ऐकू यायचं.

आणि तोपर्यंत मिलिंद बाबांना तयार करत होता. दुसरा शब्द नाही मला सुचत. बाबा, चपला नको, हे स्नीकर्स. बाबा, धोतर डेकवर वाळत नाही घालायचं, शेजारी कम्प्लेंट करतात. बाबा, सकाळी बेसिनवर एवढा मोठा आवाज करू नका खाकरताना. बाबा, दुकानात भाव नाही करायचा. तो हे सगळं प्रेमाने सांगायचा, खरंच. मलाही त्याने नवीन आल्यावर असंच सगळं शिकवलं होतं आणि मी पटापट शिकले होते, कारण मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळ्याचीच हौस. बाबाही ऐकायचे. स्नीकर्स घालून ड्राइव्हवेवर फोल्डिंग खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. आमच्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही. टपालवाला येतो, जातो.

एका दुपारी मी आत पोळ्या करत होते आणि बाहेर बघते तर खुर्ची रिकामी. बाबा लॉनवरून तरातरा शेजारच्या गॅरेजकडे निघालेले. मी गॅस बंद करून मागे धावले, कारण न सांगता कुणाच्या घरी जायचं नाही हा धडा मिलिंदने मागच्याच आठवड्यात शिकवला होता.

‘बाबा, कुठे निघालात?’

‘पितळ पडलं,’ बाबा म्हणाले.

‘काय?’

‘सिमेंटवर पितळ पडलं. पुंगळी. ऐकू नाही आली तुला?’

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण बाबांची आख्खी नोकरी सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली होती, काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तपासायच्या खात्यात. हजारो पुंगळ्या रोज टेबलावरून जायच्या. पितळ कुठं पडलं तर त्यांना ते झोपेतही कळलं असतं.

गॅरेज रॉनचं होतं. रॉन म्हणजे आमचा शेजारी, टेलिफोन कंपनीतून रिटायर झालेला, बायको कधीच सोडून गेलेली, मुलगी केंटकीत. तोपर्यंत आमची ओळख हात हलवण्यापुरती. तो वर्कबेंचवर वाकून एक लांब दांडा खाली ओढत होता आणि खालच्या डब्यात टिक टिक काहीतरी पडत होतं. बाबा सरळ आत गेले, जमिनीवरची पुंगळी उचलली, तिच्या तोंडात फुंकर मारली, उजेडाला धरली, तिच्या मानेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. रॉन बघत राहिला.

‘यू नो ब्रास?’ त्याने विचारलं.

‘माय होल लाइफ, ब्रास,’ बाबा म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून बाबांची फोल्डिंग खुर्ची रॉनच्या गॅरेजमध्ये. मला इंटरप्रिटर म्हणून जावं लागायचं असं मी मिलिंदला सांगायचे, पण खरं म्हणजे मलाच तिथे जाम आवडायला लागलं होतं. रॉन त्यांना बाबा म्हणायचा. त्याला वाटलं त्यांचं नावच ते आहे, आणि आम्ही कधी दुरुस्त केलं नाही.

तो काय करायचा ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रॉन कागदावर नेम मारायचा, शिकार वगैरे नाही. लांबच्या कागदावर ओळीने काही गोळ्या मारायच्या आणि भोकं जितकी जवळजवळ तितका नेम चांगला. त्यासाठी तो दुकानातली काडतुसं वापरायचा नाही, स्वतःची स्वतः भरायचा. उडवलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, पुसायच्या. बुडाशी एक जळलेली टिकली असते, आपल्या दिवाळीतल्या टिकलीसारखीच पण धातूच्या वाटीतली, ती ठोकून काढायची. पुंगळीला बोटाने मेणाचा हात फिरवायचा. मग ती प्रेसमध्ये ठेवून दांडा ओढायचा, की ती वर डायमध्ये जाते. डाय म्हणजे पोलादी साचा. साच्यात ती दाबली जाते आणि परत मापात येते. मग नवीन टिकली, दारू, वर गोळी.

हा दांडा ओढायचं काम मला इतकं आवडायचं ना. हाताला कळतं. मेण बरोबर लागलं असेल तर पुंगळी लोण्यात गेल्यासारखी जाते, कमी लागलं असेल तर कुरकुरते, आणि अजिबात लावलंच नसेल तर अडकून बसते, मग बसा ठोकत. एकदा मेण संपलं होतं तेव्हा मी हुशारी करून घरून खोबरेल तेल नेलं. ऑक्टोबरची थंडी, बाटलीत ते गोठून पांढरं. बाबांनी बाटली खाकेत धरून वितळवली आणि मी भरपूर चोपडलं. रॉन आत आला, नाकाने हुंगलं आणि म्हणाला, ‘इथे सनटॅन लोशनचा वास का येतोय?’ आणि पुंगळ्यांच्या मानेखाली, खांद्यांना सगळ्या खळ्या पडलेल्या. तेल जास्त झालं की साच्यात त्याला जायला जागा नसते, मग ते पितळच आत दाबतं. बाबा म्हणाले, ‘जास्त तेल लावणाऱ्यांचं असंच होतं,’ आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले. मी त्या काळात मिलिंद आणि बाबा दोघांनाही खूश ठेवायच्या मागे असायचे, ते त्यांना दिसत होतं तर.

आता मेन गोष्ट. गोळी सुटते तेव्हा आतल्या प्रेशरने पुंगळी फुगते आणि त्या रायफलच्या पोटाला आतून चिकटते. मग किंचित आकसते आणि बाहेर येते. म्हणजे तिच्या अंगावर त्या एका रायफलचं माप बसलेलं असतं. दोन रायफली कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या असल्या तरी त्यांची पोटं केसभर वेगळी. रॉनचं म्हणणं, हे माप मोडायचं नाही. तो फक्त पुंगळीची मान, म्हणजे तोंडाजवळचा अरुंद भाग, दाबायचा, तीसुद्धा गोळी धरण्यापुरती. अंगाला हात लावायचा नाही. ती पुंगळी मग दुसऱ्या कुणाच्या रायफलमध्ये जाणार नाही कदाचित, पण त्याच्या रायफलमध्ये अशी बसेल की हलणार नाही. मला हे लगेच कळलं, कारण मी इथे रेडीमेड ब्लाउज घालून वैतागले होते. भुसावळच्या लेडीज टेलरने अंगावर माप घेऊन शिवलेला ब्लाउज दुसऱ्या कुणाला होत नाही, पण मला कसा बसतो.

बाबांना मी हे ट्रान्सलेट करून सांगितलं. बाबा ‘हं’ म्हणाले. नंतर घरी येताना म्हणाले, ‘गरीब माणूस आहे बिचारा. सगळी पुंगळी दाबायला कष्ट पडतात, म्हणून अर्धंच काम करतो.’

समर संपत आला तसा रॉनने शेवटच्या मॅचसाठी एक सेट बाजूला काढला. आख्खा समर त्याच पुंगळ्या परत परत उडवून, परत फक्त मान दाबून, त्या रायफलला सवयीच्या केलेल्या. त्या एका निळ्या प्लास्टिकच्या डब्यात असायच्या.

गणपतीच्या पॉटलकला एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘काय गं शुभदा, तुझ्या सासऱ्यांना म्हणे अमेरिकन मित्र मिळालाय?’

‘हो ना.’

‘आमच्या ह्यांना इतक्या वर्षांत नाही मिळाला.’ मग आवाज खाली आणून, ‘पण बंदुका वगैरे बरं वाटतं का?’

मिलिंदलाही बरं वाटत नव्हतंच. पण बाबा जेवायला लागले होते, जेवताना बोलायला लागले होते, त्यामुळे तो गप्प होता. त्याला वाटत होतं, चला, रमतायत. म्हणजे राहतील.

बाबा काय काय सांगायचे त्या दिवसांत. त्यांनी एकदा सांगितलं, इंग्रजांच्या काळात काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कुणी हात लावलेला नाही, उडवलेली नाहीत, नुसती ठेवलेली. नंतर कळलं की जवळ घोड्यांचे तबेले होते, त्या दमट हवेत घोड्यांच्या मुताचा अमोनिया, आणि पितळ बनवताना आत राहिलेला ताण. बाहेरून चकचकीत दिसतं, मापात असतं, पण आत ताण असतो, आणि हवेत काहीतरी मिसळलं की भेग जाते. मी त्या वेळी ‘वॉव’ म्हटलं आणि विसरले. आता फॉलमध्ये कुणाच्या घरी गेले आणि सगळे फारच गोड बोलत असले की मला ते आठवतं. आमचंही घर तेव्हा तसंच होतं, चकचकीत आणि मापात.

तर मॅचच्या आधी रॉन मुलीकडे केंटकीला गेला. जाताना बाबांना म्हणाला, गॅरेज तुमचंच आहे, या, बसा. निळा डबा बेंचवर होता, परत आल्यावर माना दाबणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, ‘चल गं, आपण त्याचं काम करून ठेवू. खूश होईल.’ मी उड्या मारत गेले. बाबांनी सगळ्यात आधी रॉनच्या ड्रॉवरमधून गेज काढलं. गेज म्हणजे एक पोलादी नळी, आतून अगदी बरोबर मापाची. पुंगळी आत टाकायची, बूड कडेच्या सपाटीला आलं तर पास, वर राहिलं तर नापास. कारखान्यात बाबांनी आयुष्यभर हेच केलं होतं. त्यांनी पहिली पुंगळी टाकली. वर राहिली. दुसरी, वर राहिली. एकेक करून सगळी रांग, आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा.

‘शुभदा, एकही पास नाही. सगळी लॉट रिजेक्ट. आणि हा माणूस हे घेऊन मॅचला जाणार होता.’

‘मग?’

‘मग काय. नकाशावरच्या, ड्रॉइंगच्या मापात आणू.’

शेल्फवर दुसरी डाय होती, आख्खी पुंगळी दाबणारी. रॉन ती क्वचित वापरायचा. बाबांनी मानेची डाय काढून ती लावली. मी मेण लावत होते, ते दांडा ओढत होते, दांडा आता जड जात होता पण बाबांच्या हातात कुठून जोर आला होता कोण जाणे. दर पुंगळी पुसून गेजमध्ये टाकायची. टक. सपाट. टक. सपाट. प्रत्येक टक्‌ला बाबा मान हलवायचे. मी त्यांना इतकं आनंदात कधीच बघितलं नव्हतं. शेवटी आम्ही त्या सगळ्या बेंचवर पणत्यांसारख्या ओळीत लावून ठेवल्या आणि घरी येऊन आल्याचा चहा केला.

रॉन परत आला तेव्हा बाबा त्याच्या दारातच उभे होते. ‘ऑल पास,’ ते म्हणाले.

रॉनने एक पुंगळी उचलली. बघितली. गेजमध्ये टाकली. टक. दुसरी टाकली. टक. मग तो उलट्या बादलीवर बसला आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला.

‘बाबा, दुसरी डाय लावली का?’

‘येस. फुल बॉडी. ड्रॉइंग साइज.’

‘नव्यासारख्या झाल्यात,’ रॉन म्हणाला.

‘थँक यू,’ बाबा म्हणाले.

मग रॉन माझ्याकडे बघून हळूच बोलला. त्याला शुभदा म्हणता यायचं नाही, शूबा म्हणायचा. ‘शूबा, त्यांना नीट सांग. नव्यासारख्या झाल्यात. आणि आख्खा समर मी त्यांचा नवेपणा घालवत होतो.’

मी सांगितलं. सांगता सांगता मलाच नीट कळलं आणि माझे कान गरम झाले. बाबांनी एक पुंगळी हातात घेतली आणि फिरवत राहिले.

‘म्हणजे त्या रायफलला बसत होत्या,’ ते मराठीत म्हणाले.

‘हो बाबा.’

‘गेजला बसत नव्हत्या, पण रायफलला बसत होत्या. आणि मी गेज बघत बसलो.’

रात्री जेवताना त्यांनी स्वतःच मिलिंदला सांगितलं. लपवलं वगैरे नाही. मिलिंदने कपाळाला हात लावला. ‘बाबा, म्हणून मी सांगत असतो ना, दुसऱ्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही. इथे असं चालत नाही.’

बाबांनी घास ताटात परत ठेवला. ‘इथे काय काय चालतं त्याची एकदाच सगळी यादी दे,’ ते म्हणाले. ‘रोज थोडं थोडं नको.’

‘अहो बाबा, तुमच्याच भल्यासाठी...’

‘माझं तिकीट अलीकडचं करून मिळतं का बघ.’

बस. ते म्हणून ते उठले, ताट धुतलं, आणि त्यांच्या खोलीत गेले. इतक्या महिन्यांच्या ‘बघू’चं उत्तर असं आलं. मिलिंद भात कालवत बसला, खाल्ला नाही. मला म्हणाला, ‘यार, मी काय चुकीचं बोललो?’

मॅचच्या दिवशी मिलिंदने ठेवणीतला चांगला स्वेटर घातला आणि म्हणाला, मीच तुम्हाला नेतो. त्याला रॉनला बाबांच्या वतीने सॉरी म्हणायचं होतं. म्हटलंही त्याने, अगदी व्यवस्थित इंग्लिशमध्ये. रॉन म्हणाला, ‘सांडलेल्या दुधासाठी कशाला रडायचं?’ म्हणजे इंग्लिशमध्ये असं काहीसं, आणि खांद्यावर थाप मारून नेम धरायच्या बेंचवर जाऊन बसला. त्या नव्यासारख्या पुंगळ्या भरूनच तो मॅच खेळला. भोकं थोडी लांब लांब पडली. दर वर्षी तो पहिल्या दोनतीनात असायचा म्हणे, त्या वर्षी कुठेतरी मधे आला. बाबा दुर्बिणीतून त्याचा कागद बघत होते आणि दर गोळीला खाली बघत होते.

मॅच संपली, लोक सामान गुंडाळायला लागले. डब्यातली निम्मी काडतुसं उरली होती. रॉनने रायफल काढलीच नाही बेंचवरून. बाबांना बोलावलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

‘बिघडलेलं नीट करणं सोपं आहे,’ तो म्हणाला. ‘परत उडवायच्या. तुम्ही दाबल्यात, तुम्हीच फुगवा.’

बाबा दोन पावलं मागे सरले. ‘आय नेव्हर फायर.’

‘कधीच नाही म्हणजे, ही रायफल?’

‘एनी. नेव्हर.’

‘आयुष्यभर काडतुसं केलीत की तुम्ही.’

‘मेक,’ बाबा म्हणाले. ‘चेक. फायर इज आर्मी.’

हे मलाही माहीत नव्हतं. मिलिंदलाही नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. ह्या माणसाच्या हाताखालून एवढ्या पुंगळ्या गेल्या आणि त्यातली एकही पुढे जाऊन काय करते ते त्यांनी बघितलं नव्हतं.

रॉनने त्यांना बसवलं. मफलरवरून आवाज अडवणारे कानावरचे मफ बसेनात, तर मफलर सोडून मिलिंदच्या हातात दिला. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवलेली, बाबांनी फक्त गाल टेकवायचा आणि बोट. रॉन खाली वाकून सांगत होता, मी दुसऱ्या बाजूने मराठीत, श्वास सोडा, ओढू नका, दाबा. बाबा म्हणाले, ‘तू गप्प बस गं, मला ऐकू येत नाहीये काही.’

टप्प.

कागदाच्या कोपऱ्याला भोक. बाबा तसेच बसून. मग त्यांनी रायफलचा कडीसारखा बोल्ट मागे ओढला, अगदी ओळखीचा असल्यासारखा, आणि पुंगळी बाहेर आली. गरम होती, रॉन ‘सांभाळून’ म्हणेपर्यंत त्यांनी ती मुठीत घेतलीसुद्धा. हुंगली. बोटं भाजत होती, तरी ह्या हातातून त्या हातात करत धरून ठेवली. मग रॉनच्या पेटीतून गेज घेतलं आणि आत टाकली. बूड वर राहिलं.

‘रिजेक्ट,’ बाबा म्हणाले, आणि हसले. जूनपासून पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

मग ते उडवतच राहिले. मधे काही मीही उडवल्या, माझा खांदा नंतर निळा झाला होता, पण तो माझा वेगळा किस्सा. मिलिंद आधी कानात बोटं घालून लांब उभा होता. मग जवळ आला. मग बाबा बोल्ट ओढून पुंगळी काढायचे तेव्हा हात पुढे करायला लागला. त्याच्या चांगल्या स्वेटरचे खिसे गरम पुंगळ्यांनी भरले, काळे डाग पडले, त्याने काही म्हटलं नाही.

परतताना मी मागे बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका कापायची मशिन्स चाललेली, धूळच धूळ.

‘तिकीट अलीकडे नको ना करायला आता?’ मिलिंदने विचारलं.

‘नको. डिसेंबरचं आहे तेच राहू दे.’

‘आणि ग्रीन कार्डचं?’

बाबा खिडकीतून बघत होते. ‘तुला माझी काळजी आहे, कळतं मला. पण जून महिन्यापासून तू मला कुठं आणि कसं बसवायचं तेच बघतोयस.’

मला राहवेना. मला वाटलं मला आता सगळं समजलंय. ‘मिलिंद, अरे बाबा त्या पुंगळ्यांसारखे आहेत, त्यांना तू असं दाबून...’

‘मी पितळ नाहीये गं शुभदा,’ बाबा म्हणाले, वळूनही न बघता. ‘पितळाला विचारावं लागत नाही.’

मिलिंदने ब्लोअर कमी केला. मग मिलिंद म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा वेगळाच होता, ‘बाबा, तिथे तुम्ही दिवसभर काय करता?’

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. खरंच विचारतोय की कसं, ते बघितलं बहुतेक. मग सांगायला लागले. की पहाटे उठून पहिल्यांदा बिल्डिंगची पाण्याची मोटार ते चालू करतात, कारण तिच्यात एअर धरते आणि ती दुसऱ्या कुणाला काढता येत नाही. किल्ली आता शेजारच्या पाटलांकडे दिलीय, पण पाटील झोपाळू, वरच्या मजल्यावरच्या बाईंचं पाणी रोज बोंबलत असणार. मग दूध. मग पाटलांना शुगर आहे म्हणून त्यांना ओढून चालायला न्यायचं, ते अर्ध्या वाटेत बसतात, त्यांच्याशी भांडायचं. येताना भरताची वांगी, पण थंडी पडल्यावरच, आधीची पाणचट असतात. मिलिंदच्या आईने लावलेली गच्चीतली तुळस आणि दोन कुंड्या, त्यातल्या एकीत काय लावलंय ते तिने सांगितलंच नव्हतं, निघताना काहीतरी वर आलं होतं, पान ओळखू येत नव्हतं. मग सायकलच्या दुकानात पेपर वाचायला, कारण तिथे पेपरावरून वाद घालणारे लोक मिळतात. ते सांगत होते आणि मिलिंद मधे मधे विचारत होता, मग? मग कोण जिंकतं? आणि त्या कुंडीत काय आलं शेवटी?

आम्ही घरी पोचलो. गॅरेजचं दार वर गेलं, गाडी आत घेतली, इंजिन बंद झालं. बाबा सांगत होते त्या भुसावळच्या दिवसात तेव्हा अजून दुपारचं जेवणही झालं नव्हतं. कुणीच उतरलं नाही. आम्ही तिघं तसेच सीटबेल्ट लावून अंधारात बसून राहिलो, संध्याकाळचा चहा होऊन दिवेलागण होईपर्यंत. बाबांच्या सांगण्यातली.

डिसेंबरात बाबा गेले. ग्रीन कार्डचं मिलिंदने त्यांना नंतर विचारलं, नीट विचारलं, आणि ते नाही म्हणाले, नीट नाही म्हणाले. मधे एकदा येऊन गेले. ह्या फॉलला येत नाहीयेत, बिल्डिंगची मोटार बदलायचीय आणि त्यांच्याशिवाय कुणी ती बघून आणणार नाही. मिलिंद रविवारी फोन करतो तेव्हा आधी पाटलांची शुगर विचारतो.

आणि मला सकाळपासून हेच सुचतंय की तुम्हाला सगळ्यांना विचारावं. तुमच्याकडे आईबाबा आले असतील ना, सहा महिन्यांसाठी, ह्या वर्षी नाहीतर मागच्या. तुम्ही त्यांना स्नीकर्स घेऊन दिले असतील, डिशवॉशर लावायला शिकवलं असेल, नायगरा दाखवला असेल. त्यांचा तिकडचा दिवस कसा जातो, ते तुम्ही कधी विचारलंत का? आणि विचारलं असेल, तर त्यांनी सांगायला सुरुवात करायच्या आधी तुमच्याकडे तसं बघितलं होतं का, आधी खात्री करून घेतल्यासारखं?